फोन तोच, सॉफ्टवेअर नवे

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने कामासाठी दिलेले मोबाइल फोन सरकारलाच परत करायला सुरुवात केली. आंदोलनाला नावही ‘मोबाइल वापसी’ असेच पडले. हे फोन पोषण अभियानाखाली २०१९ च्या सुमारास वाटले गेले होते आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. फोन मध्येच अडकून पडतो, तापतो, भरलेली माहिती पुढे जात नाही, हमीची मुदत संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, अशा तक्रारी होत्या. नवे अॅप मराठीत नाही, ही तक्रार वेगळीच.

यात आम्हाला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, फोनचे यंत्र मधल्या काळात बदललेले नव्हते. बदलले होते ते आतले सॉफ्टवेअर. आधी सेविका एका अॅपवर नोंदी करीत. १ मार्च २०२१ पासून त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ आले. फोनची रॅम मात्र होती तेवढीच राहिली, २ जीबी. ‘अपडेट केले आणि फोन मंद झाला’ हे गाऱ्हाणे शाळेच्या शिक्षकखोलीतही रोज ऐकू येते. अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. म्हणून या मंदपणाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू.

पास्कल ही संगणकभाषा रचणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये एका लेखात हलक्या सॉफ्टवेअरची बाजू मांडली होती. पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर-संपादनाची आज्ञावली ८,००० बाइट स्मृतीत मावत असे, आता तिला शंभरपट जागा लागते, पण ती शंभरपट उपयोगी झाली आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते, हे विधान आज ‘विर्थचा नियम’ म्हणून ओळखले जाते. (विर्थ स्वतः त्याचे श्रेय मार्टिन रायझर या सहकाऱ्याला देत.) हा काही निसर्गनियम नव्हे. जागा मोकळी दिसली की आज्ञावली लिहिणारा ती वापरतो, एवढाच त्याचा अर्थ.

फोनच्या बाबतीत हे आकड्यांत दिसते. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती. २०१३ मध्ये गूगलने ५१२ एमबीवर चालेल अशी आवृत्ती मुद्दाम काटछाट करून काढली. २०१७ मध्ये १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या स्वस्त फोनांसाठी हलकी ‘गो’ आवृत्ती जाहीर झाली. आणि २०२२ च्या तेराव्या अँड्रॉइडला, त्याच हलक्या आवृत्तीला, किमान २ जीबी रॅम लागू लागली. म्हणजे पाच वर्षांत गरिबाच्या फोनचीही गरज दुपटीने वाढली. सेविकांच्या हातातला फोन घेतला तेव्हा निकामी नव्हता. जमीन त्याच्या पायाखालून सरकली.

रॅम कमी पडते म्हणजे नेमके काय होते? स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम आणि मागची कोठी म्हणजे स्टोरेज असे समजा. ओटा लहान असेल तर कढई ठेवायला पातेले उचलून कोठीत न्यावे लागते आणि पातेले हवे झाले की पुन्हा कढई आत. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. आपण फॉर्म भरता भरता फोटो काढायला कॅमेरा उघडतो, परत येतो तर फॉर्म कोरा. कारण फोनने दरम्यान फॉर्मचे अॅप ओट्यावरून काढून टाकलेले असते.

मात्र प्रत्येक मंदपणा रॅमचा नसतो. अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन जड चालणे हे बहुधा तात्पुरते असते. २०१४ च्या पाचव्या अँड्रॉइडपासून अॅपचे यंत्रभाषेत रूपांतर फोनवर आधीच करून ठेवण्याची पद्धत आली. तेव्हा अपडेटनंतर फोन ‘अॅप तयार होत आहेत’ असे सांगत बराच वेळ ताटकळत ठेवी. २०१६ पासून यातले बरेचसे काम फोन चार्जिंगला लावलेला आणि रिकामा असताना होते. तेव्हा पहिला उपाय अगदी स्वस्त आहे: फोन एक-दोन रात्री चार्जरला लावून ठेवायचा आणि एकदा बंद करून सुरू करायचा.

दुसरे कारण भरलेले स्टोरेज. फोनमधली फ्लॅश स्मृती तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिचा एक स्वभाव शिक्षकांना फळ्यावरून सहज सांगता येईल: लिहिता ओळीओळीने येते, पण पुसता येतो तो पूर्ण फळाच. एक ओळ बदलायची तर बाकीच्या ओळी दुसऱ्या फळ्यावर उतरवून मग पहिला पुसायचा. मोकळे फळे भरपूर असतील तर हे उरकते. सगळे भरलेले असतील तर साधी नोंद करायलाही वेळ लागतो. २०१२ चा नेक्सस ७ हा टॅबलेट असाच वापरता वापरता मंदावला, आणि २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ ने रिकाम्या झालेल्या जागा स्मृतीला नियमाने कळवायला सुरुवात केली तेव्हा तो सुधारला. अपडेटने फोन सुधारतो याचेही हे उदाहरण. ‘सुप्रभात’ची चित्रे आणि व्हिडिओ काढून टाकणे हा म्हणून निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न नाही.

तिसरे कारण बॅटरीचे. डिसेंबर २०१७ मध्ये जॉन पूल यांनी आयफोन ६ एसच्या वेगमापनाचे आलेख प्रसिद्ध केले. एकच प्रकारचा फोन, पण नवे सॉफ्टवेअर घातल्यावर काही फोन ठरावीक पायऱ्यांनी मंद झालेले दिसत होते. काही दिवसांतच अॅपलने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग कंपनी मुद्दाम कमी करते. कारण खोटे नव्हते. सांगलीकडच्या शेतकऱ्याला ते ठाऊक असते: विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की तिचा दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. ते टाळायला वेग कमी केला. पण वापरणाऱ्याला हे सांगितले नाही, आणि नवी बॅटरी घालून भागणार होते तिथे लोक नवा फोन घेत राहिले. इटलीने ऑक्टोबर २०१८ मध्ये अॅपलला १ कोटी युरो आणि जुन्या फोनवर जड अपडेट लादल्याबद्दल सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अॅपलला अडीच कोटी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांचे सुटे भाग, त्या प्रकारची विक्री थांबल्यावरही सात वर्षे, मिळण्याची सोय कंपन्यांना ठेवावी लागते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कारागीर ती पुन्हा लावून देतो, नवा तंबोरा घ्या म्हणत नाही. हे फोनवाल्यांना कायद्याने शिकवावे लागले!

आता सातारा-सांगलीचा नकाशा समोर घ्या. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाडीत मंदपणाचे चौथे कारण असते: रेंज. जतकडच्या उन्हाळ्यात पाचवे: ऊन. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ही कारणे वेगळी कशी करायची? फोन विमान-स्थितीत टाका आणि कॅमेरा, गणकयंत्र, संपर्कयादी उघडून पाहा. तेही अडखळत असेल तर दोष फोनचा. ते झटपट उघडते आणि एकच अॅप रखडते, तर दोष जाळ्याचा, पलीकडच्या सर्व्हरचा किंवा त्या अॅपचा. सावलीत, कव्हर काढून फरक पडतो का ते पाहा. बॅटरी झपाट्याने उतरत असेल तर ती बदलल्यावर फोन कितीतरी सुधारतो. फोन पूर्ण पुसून कोरा करणे हा शेवटचा उपाय, तोही सगळी माहिती दुसरीकडे उतरवल्यावरच. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा नाद मात्र करू नये. बहुतेक फोन तसे करू देत नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यात गमावतात.

हे सारे करूनही २ जीबीचा ओटा ४ जीबीचा होत नाही. फोनची रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तिथे उपाय दोनच उरतात: अॅप हलके करणे किंवा फोन बदलणे. दोन्ही सेविकेच्या हातातले नाहीत. २० फेब्रुवारी २०२३ रोजी राज्यातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हाच्या मागण्यांत मानधनवाढीच्या बरोबरीने नवा मोबाइलही होता.