नॅनोमीटर ते नऊवारी: अँगस्ट्रॉम, वार आणि कापसाच्या धाग्याचं माप कसं बदलायचं?

नवा फोन घेताना आपण '४ नॅनोमीटर प्रोसेसर' असं वाचतो. जळगाव-धुळ्याकडे कापूस विकायला नेला की 'धागा २९ मिलिमीटर, मायक्रोनेअर ४' असं कानावर पडतं. आणि घरात आजीची साडी असते नऊवारी. मापं तीन, पण एकातून दुसऱ्यात जायचं म्हटलं की कॅल्क्युलेटरवर शून्यांची रांग लागते. हे गणित सोपं कसं करायचं आणि त्यात कुठे फसायला होतं, ते पाहूया.

आधी एककं ओळखूया

अँगस्ट्रॉम हे अणूंच्या जगातलं माप. स्वीडनचे शास्त्रज्ञ अँडर्स अँगस्ट्रॉम यांच्यावरून हे नाव पडलं. अणूचा व्यास साधारण १ ते ५ अँगस्ट्रॉम असतो. १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर.

वार म्हणजे यार्ड, म्हणजेच ३ फूट. १ वार = ०.९१४४ मीटर. कापडाच्या मापात हात म्हणजे अर्धा वार (१८ इंच) आणि वीत म्हणजे ९ इंच.

लाख-कोटीत मोजा, सोपं जातं

इथे आपली मराठी मोजणी मस्त कामाला येते:

- १ मिलिमीटर = १० लाख नॅनोमीटर = १ कोटी अँगस्ट्रॉम
- १ इंच = २.५४ कोटी नॅनोमीटर = २५.४ कोटी अँगस्ट्रॉम
- १ हात = ४५.७२ कोटी नॅनोमीटर
- १ वार = ९१.४४ कोटी नॅनोमीटर
- १ मीटर = १०० कोटी नॅनोमीटर
- नऊ वार = ८.२२९६ मीटर = ८२२.९६ कोटी नॅनोमीटर

एवढं एकच लक्षात ठेवा: एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी अँगस्ट्रॉम. बाकी सगळं यावरून निघतं.

स्क्रीनवर मध्येच 'ई' का येतो?

नऊ वारांचे नॅनोमीटर काढले की बऱ्याच ॲपमध्ये ८.२२९६ नंतर इंग्रजी ई आणि ९ दिसतो. ही एरर नाही. दशांश चिन्ह ९ घरं उजवीकडे सरकवा, असा त्याचा अर्थ. ई नंतर उणे चिन्ह असेल तर डावीकडे सरकवायचं.

अजून एक: इंग्रजी लघुरूपात मिलिमीटर आणि नॅनोमीटर यांच्यात एकाच अक्षराचा फरक असतो. यादीत चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर उत्तर थेट १० लाख पटींनी चुकतं.

कापसात याचा काय संबंध?

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळीतली एकाच नमुन्याची कडी सुमारे १०.४ अँगस्ट्रॉम लांब असते. २८ मिलिमीटरच्या तंतूत अशा कड्या टोकाला टोक लावून मांडल्या, तर जवळपास २ कोटी ७० लाख बसतील. प्रत्यक्षात एकच साखळी पूर्ण तंतूभर जात नाही. असंख्य छोट्या साखळ्या एकमेकींना बिलगून तंतू बनतो.

बाजारात मात्र मिलिमीटरलाच किंमत आहे. हमीभावासाठी लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, मायक्रोनेअर ३.५ ते ४.३. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, मायक्रोनेअर ४.३ ते ५.१. २०२५-२६ साठी हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये होता. म्हणजे २० क्विंटलमागे ८००० रुपयांचा फरक!

सगळ्यात मोठा घोळ: मायक्रोनेअर म्हणजे मायक्रॉन नाही

नाव सारखं वाटतं म्हणून बरेच जण 'मायक्रोनेअर ४' म्हणजे ४ मायक्रॉन जाडी, असं धरून ४००० नॅनोमीटर काढतात. हे चूक आहे. तंतूची खरी जाडी साधारण १२ ते २० मायक्रॉन, म्हणजे १२ ते २० हजार नॅनोमीटर असते.

मायक्रोनेअर हे लांबीचं माप नाहीच. एक इंच तंतूचं वजन किती मायक्रोग्रॅम, ते हा आकडा सांगतो. कापसाच्या ठरावीक वजनाच्या नमुन्यातून हवा सोडून तो मोजतात. एका मीटरचं वजन हवं असेल तर ३९.३७ ने गुणा. ४ × ३९.३७ = १५७.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक किलोमीटर लांब तंतूचं वजन जेमतेम ०.१६ ग्रॅम. आकडा कमी आला तर तंतू बारीक असतो किंवा पूर्ण पक्व झालेला नसतो. म्हणून 'जितका कमी तितका चांगला' असंही नाही.

सुताचा नंबर आणि गज

४० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात (४५३.६ ग्रॅम) ८४० वारांच्या ४० लडी, म्हणजे ३३,६०० वार किंवा सुमारे ३०.७ किलोमीटर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. हाही लांबी आणि वजनाचा मेळ आहे, त्यामुळे त्याचेही थेट नॅनोमीटर होत नाहीत.

गजाचंही जपून. आज गज म्हणजे यार्ड धरतात, पण जुन्या काळी मुंबईकडचा गज २७ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा होता. जुन्या वहीतला गज बदलण्याआधी तो कुठला, ते बघा.

थोडक्यात

कन्व्हर्टर उघडण्याआधी स्वतःला विचारा: हा आकडा लांबीचा आहे का? मिलिमीटर, इंच, वार, अँगस्ट्रॉम असेल तर बिनधास्त बदला. मायक्रोनेअर किंवा सुताचा नंबर असेल तर लांबीचा कन्व्हर्टर बंद करा, तिथे वजनही मोजलेलं असतं.