कार्त्ये घराणे

जडजवाहीर व घड्याळे यांची पॅरिस येथील जगप्रसिद्ध पेढी स्थापन करणारे व चालविणारे फ्रेंच कुटुंब. १८४७ पासून सु. सव्वाशे वर्षे व चार पिढ्या या पेढीची मालकी एकाच कुटुंबात राहिली. तिच्या उत्कर्षाचे आणि ती कुटुंबाच्या हातून जाण्याचेही कारण बव्हंशी एकच, ते म्हणजे तीन भावांत झालेली शाखांची वाटणी.

लुई-फ्रांस्वा कार्त्ये (१८१९–१९०४) हा अडॉल्फ पिकार या जवाहिऱ्याच्या हाताखाली काम शिकला व १८४७ मध्ये त्याने गुरूची कार्यशाळा स्वतःकडे घेतली. आरंभी पेढीचे स्वरूप कारखान्यापेक्षा दुकानाचेच अधिक होते. नेपोलियन तिसरा याची चुलत बहीण राजकन्या मातील्द व पुढे सम्राज्ञी यूजेनी या तिच्या ग्राहक झाल्या. १८७४ मध्ये मुलगा आल्फ्रेड याने कारभार हाती घेतला. १८९९ मध्ये पेढी पॅरिसमधील र्यू द ला पे या श्रीमंती व्यापाराच्या रस्त्यावर आली, आणि तेथूनच तिचे खरे वैभव सुरू झाले.

आल्फ्रेडचे तीन मुलगे लुई (१८७५–१९४२), प्येअर (१८७८–१९६४) व झाक (१८८४–१९४१) यांनी धंद्याची क्षेत्रे वाटून घेतली. पॅरिस लुईकडे, १९०२ मध्ये उघडलेली लंडन शाखा पुढे झाककडे, तर १९०९ मध्ये उघडलेली न्यूयॉर्क शाखा प्येअरकडे आली. प्येअरची व्यापारी चतुराई एका व्यवहारातून दिसते. १९१७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एक प्रासादतुल्य वास्तू नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार व १०० डॉलर देऊन मिळविली. हाराची किंमत त्या वेळी १० लक्ष डॉलर धरली होती. पुढे जपानी संवर्धित मोती बाजारात आले, मोत्यांचे भाव कोसळले आणि १९५७ मध्ये तोच हार सु. दीड लक्ष डॉलरला विकला गेला. वास्तू मात्र पेढीकडेच राहिली.

कलादृष्टीने लुई हा तिघांत श्रेष्ठ होय. पूर्वी हिरे चांदीत जडवीत; चांदी काळवंडते व तिचे कोंदण जाड ठेवावे लागते. प्लॅटिनम मजबूत असल्याने त्याच्या अतिशय बारीक कोंदणात हिरा बसतो व धातू जवळजवळ दिसेनासा होतो. लुईने या धातूचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून पुष्पहार व फितींच्या आकृत्यांचे नाजूक अलंकार घडविले. घड्याळांकडेही त्याचे विशेष लक्ष होते. ब्राझीलचा वैमानिक आल्बर्तो सांतोस-द्युमाँ याला उड्डाण करताना खिशातील घड्याळ काढून पाहणे अवघड जाई. त्याच्यासाठी लुईने १९०४ मध्ये चौकोनी मनगटी घड्याळ केले असे सांगतात. १९११ पासून ते सर्वसामान्य विक्रीस आले. पहिल्या महायुद्धातील रणगाड्यावरून नाव पडलेले ‘टँक’ घड्याळ १९१७ मध्ये आरेखित झाले. १९१२ पासून मोरिस कूए या कारागिराने पेढीसाठी केलेली ‘गूढ घड्याळे’ ही तर एक नवलाईच होती. त्यांचे काटे पारदर्शक तबकडीत अधांतरी फिरताना दिसतात. प्रत्येक काटा एका स्फटिकाच्या चकतीवर बसविलेला असून चकतीची दातेरी कड चौकटीत दडलेली असते. तळातील यंत्र चकतीच फिरविते. ही क्लृप्ती मुळात रोबेअर-ऊदँ या फ्रेंच जादूगाराच्या घड्याळांतील होय.

भारताशी संबंध जोडला तो झाकने. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने तो येथे आला. त्याने बरोबर स्त्रियांचे अलंकार आणले होते. पण येथे रत्नांचा शौक संस्थानिकांनाच अधिक, आणि त्यांना हवी होती पॅरिसची खिशातील घड्याळे, असे त्याच्या ध्यानात आले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांची रत्ने प्लॅटिनममध्ये नव्याने जडविण्याबाबत त्याची बोलणी झाली, परंतु दरबारी जवाहिऱ्यांच्या विरोधामुळे ती फारशी पुढे गेली नाहीत. येथून नेलेली पानाफुलांच्या आकारात कोरलेली माणके, पाचू व नीलमणी यांपासून पेढीने १९२० नंतर रंगीबेरंगी अलंकारांची एक नवी शैलीच निर्माण केली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी आपल्या खजिन्यातील रत्ने १९२५ मध्ये पॅरिसला पाठविली. त्यांतून १९२८ मध्ये २,९३० हिऱ्यांचा प्रचंड हार तयार झाला. त्याच्या मध्यभागी २३४ कॅरटहून अधिक वजनाचा पिवळसर ‘द बिअर्स’ हिरा होता. अशा व्यवहारांना दोन कलापरंपरांचा संगम म्हणण्याची प्रथा आहे. तथापि या संगमापायी सोन्यातील जुने कुंदनकाम व मीनाकाम मोडले गेले, हेही विसरता येत नाही. नव्या घडणीलाही चिरस्थायित्व लाभले नाही. १९४८ च्या सुमारास पतियाळाचा हार खजिन्यातून नाहीसा झाला. १९८२ मध्ये त्यातील मोठा हिरा जिनीव्हाच्या लिलावात दिसला आणि १९९८ मध्ये लंडनला मोठी रत्ने काढून घेतलेला सांगाडा सापडला. पेढीने तो विकत घेऊन गहाळ रत्नांच्या जागी कृत्रिम खडे बसविले.

झाक व लुई हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागोपाठ वारले. भाऊ असेतो तीन शाखा म्हणजे एकच पेढी होती. चुलतभावंडांच्या पिढीत मात्र प्रत्येक शाखा स्वतंत्र मालमत्ता बनली. लुईचा मुलगा क्लोद याने न्यूयॉर्क शाखा १९६२ मध्ये विकली. प्येअरच्या मृत्यूनंतर त्याची मुलगी मारियाँ हिच्याकडील पॅरिसची मूळ पेढीही परक्यांकडे गेली. लंडनला झाकचा मुलगा झाँ-झाक हाच काय तो टिकून राहिला. वेड्यावाकड्या आकाराचे ‘क्रॅश’ हे घड्याळ त्याच्याच देखरेखीखाली १९६७ मध्ये निघाले. १९७४ मध्ये त्यानेही शाखा विकली. रोबेर ओक या फ्रेंच उद्योजकाच्या पुढाकाराने भांडवलदारांच्या एका गटाने १९७२ ते १९७६ या काळात तिन्ही शाखा क्रमाने विकत घेऊन पुन्हा एकत्र आणल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या रिशमाँ या स्विस उद्योगसमूहाकडे पुढे पेढीची मालकी गेली.