थिजलेलं तूप आणि डब्यातला डालडा

मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या बैठकीत तुपाची गोष्ट निघाली की कोणीतरी विचारतंच: तूपही थिजतं, डालडाही घट्टच, मग फरक तो काय? उत्तरासाठी फार लांब जायला नको, वर्ध्याच्या मगनवाडीपर्यंत गेलं तरी पुरे.

1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. तिथेच झवेरभाई पटेलांनी लाकडी घाणी सुधारली. घाणीत तीळ टाकले की तेल एकीकडे, ढेप एकीकडे. नवं काही तयार होत नाही; दाण्यात होतं तेच वेगळं होतं. हा भौतिक बदल. तूप थंडीत थिजतं, उन्हात ठेवलं की पातळ होतं, तोही भौतिकच. तूप तूपच राहतं.

त्याच काळात बाजारात कारखान्याचं वनस्पती तूप आलं. ते करताना गरम तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन वायू सोडतात. वायू तेलाला जोडला जातो आणि वेगळाच पदार्थ तयार होतो. कढईत डालडा वितळतो खरा, पण थंड झाला की पुन्हा घट्ट. मूळचं तेल काही परत मिळत नाही. हा रासायनिक बदल.

खरी भानगड पुढे झाली. हा डालडा तुपात मिसळून विकू लागले. गांधीजींनी 1946 मध्ये 'हरिजन'मधून या फसवणुकीवर कडक लिहिलं. वनस्पतीला रंगच द्या, अशीही मागणी झाली. रंग काही आला नाही. पुढे वनस्पतीत 5 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. (चोर पकडायला शेवटी आपला तीळच कामी आला!)

नुसती भेसळ म्हणजे भौतिक मिश्रण. डोळ्यांना दिसत नाही. पण वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवलं, तर तिळाच्या तेलामुळे खालच्या थराला लाल रंग येतो. तो रंग रासायनिक क्रियेचा. हे आम्ल भाजतं, त्यामुळे घरी करू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांकडून करून घ्या. आणि रंग आला नाही म्हणून तूप शुद्ध, असं समजू नका. चरबी किंवा दुसरं तेल यात सापडत नाही. गटाचं तूप विकायचं असेल तर त्याची पूर्ण तपासणी करून घ्यावीच लागते.