पन्हाळ्याच्या चढासाठी एक काल्पनिक गाडी

संगणकावरच्या मोटारशर्यतीच्या खेळात खऱ्या कंपनीची गाडी तिच्या नावानिशी घालायची, तर सामान्यतः त्या कंपनीची परवानगी घ्यावी लागते. म्हणून खेळ रचणारे पुष्कळदा गाडीच कल्पनेने तयार करतात. तिला जुन्या काळाचा बाज देतात, एखादे इटालियन वळणाचे नाव देतात आणि मोकळे होतात. आम्हीही येथे एक गाडी सुचवीत आहोत. गाव कोल्हापूर, साल १९५६, दोन आसनांची उघडी शर्यतीची गाडी, नाव ‘पन्हाळा ११००’. अशी गाडी कधीच नव्हती. पण ती असू शकली असती का, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर देताना मनाला येईल ते लिहून चालत नाही.

कोल्हापुरातली जुनी मोटार म्हटले की छत्रपती घराण्याची मायबाख आठवते. दसऱ्याच्या सोहळ्यात ती पाहायला लोक गर्दी करतात. पण ती जर्मनीत घडलेली. आपल्याला हवी आहे ती येथल्या हातांनी घडलेली गाडी, आणि तशी एक खरोखरच होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली दोन माणसे बसतील अशी छोटी मोटार तयार केली. ‘मीरा’ या नावाने ती ओळखली जाते. पुढची दोन दशके ते तिच्या सुधारित आवृत्त्या करीत राहिले. सुमारे १२ हजार रुपयांत ती विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. मीरा रस्त्यावर धावली, पण कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी ती कधी झाली नाही.

त्या काळचे कायदे पाहिले तर ही वाट किती अरुंद होती ते कळते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने मोठ्या उद्योगाला सरकारी परवाना आवश्यक झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाची पाहणी केली. ज्यांच्याकडे गाडीचे भाग देशातच बनवण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे, असा तिचा रोख होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथली जुळणी बंद केली. मुंबईत उरली ती प्रामुख्याने सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तेव्हा आमची ‘पन्हाळा’ कंपनीची गाडी असू शकत नाही. खेळात तिच्यामागे ‘कोल्हापूर मोटर वर्क्स, वर्षाला पाचशे गाड्या’ असे लिहिले, की इतिहास तेथेच बिघडला. एका गॅरेजात, एका हौशी गिऱ्हाइकासाठी, एकच गाडी घडली असे मानणेच योग्य.

आता इंजिन. ते कोल्हापुरातच ओतले असे म्हणण्याचा मोह मोठा आहे. उसाला पाणी द्यायला पंप आले, पंपांना ऑइल इंजिने आली, त्यांच्या दुरुस्तीतून सुटे भाग आणि सुट्या भागांतून फाउंड्रीचा धंदा वाढत गेला. उद्यमनगराची ख्याती त्यातूनच झाली. पण शेतावरचे जुन्या धाटणीचे इंजिन मिनिटाला साधारण ६५० फेरे घेते, तर मोटारीचे ४४०० घेते. वर-खाली होणाऱ्या पिस्टनमुळे पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे पावणेसातपट, म्हणजे त्याच वजनाच्या व तेवढ्याच धावेच्या पिस्टनला ताण सुमारे ४६ पट! येथे नुसते चांगले बिड ओतून भागत नाही. घडीव पोलादाचा, नीट तोललेला क्रँकशाफ्ट लागतो. पुढे कोल्हापूर पिस्टनसारख्या भागांसाठी प्रसिद्ध झाले, पण ते १९५६ नंतरचे.

म्हणून इंजिन फियाट ११०० चे. प्रीमियरमुळे ते त्या काळात मिळण्यासारखे होते. १०८९ घन सेंटिमीटरचे, ३६ अश्वशक्तीचे. याच जातीच्या इंजिनावर इटलीतल्या चिसितालिया कंपनीने १९४७ च्या सुमारास ‘२०२’ ही देखणी गाडी उभी केली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिला आपल्या संग्रहात स्थान दिले आहे. साध्या गाडीच्या इंजिनातून शर्यतीची गाडी काढणे ही त्या काळाची जगभरची रीतच होती. फरक असा की इटलीत चांगला कार्बोरेटर पलीकडच्या गल्लीत मिळे. आपल्याकडे १९५६-५७ हा परकीय चलनाच्या टंचाईचा काळ. त्यात पेट्रोल कमी ऑक्टेनचे, त्यामुळे सिलिंडरमधला दाब फार वाढवला तर इंजिन ठोके देऊ लागणार. आम्ही तिला ४५ अश्वशक्ती देतो. त्याहून जास्त देणे म्हणजे फसवणूक.

ॲल्युमिनियमचा हाताने ठोकलेला पत्रा धरून वजन ७०० किलो, चालक ७० किलो. ४५ अश्वशक्ती म्हणजे ३३ किलोवॅट. गिअर वगैरेंतली घट वजा जाता चाकांशी २८ उरतील. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. उघड्या गाडीचा आकार लक्षात घेता ताशी १४० किलोमीटरच्या आसपास ही शक्ती पुरी खर्च होते. खेळणाऱ्या मुलांना हा आकडा फिका वाटेल, पण तो खरा आहे.

आणि या गाडीची कसोटी सपाट रस्त्यावर लागणारच नाही. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, पायथ्याच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर उंच. ७७० किलो × ९.८ × ४०० म्हणजे तीस लाख ज्यूल. २८ किलोवॅटने एवढे काम करायला सुमारे १०८ सेकंद लागतात. हवा, टायर, वळणे यांचा हिशेब यात नाही. तो धरला तर वेळ बराच वाढेल, पण १०८ सेकंदांच्या आत कोणी वर पोहोचला, तर खेळाचा प्रोग्रॅम चुकला आहे असे खुशाल समजावे.

खरी गंमत उतरताना आहे. तेच तीस लाख ज्यूल आता उष्णता होऊन बाहेर पडणार. ब्रेकचे चार बिडाचे ड्रम प्रत्येकी सहा किलोचे धरले, बिडाची विशिष्ट उष्णता किलोला ४६० ज्यूल धरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर ड्रमचे तापमान सुमारे २७० अंशांनी वाढते. वाऱ्याने ते थोडे निवेल. पण तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या शूपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षणही घटते, पेडल खोल जाऊ लागते. ट्रकचालक घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये का राहतात, ते वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही. खेळात ब्रेक पहिल्या वळणाला जितके धरतात तितकेच शेवटच्या वळणाला धरत असतील, तर गाडीला १९५६ चा रंग देऊन काही उपयोग नाही.

काही किरकोळ गोष्टी राहिल्या. आसनांना कोल्हापुरी चपलेचे चामडे लावावे असे कोणालाही सुचेल. आम्ही ते टाळू, कारण ती नुसती गावाची खूण झाली. त्यापेक्षा वेगाचा काटा मैलांत दाखवावा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा असला तरी ती व्यवहारात हळूहळू आली, आणि दशमान नाणी १९५७ च्या एप्रिलपासून. म्हणून गॅरेजचे बिल रुपये, आणे, पैत हवे. नकाशावर मुंबई राज्य लिहावे, महाराष्ट्र नव्हे. आणि इंजिन बंद केल्यावर तापलेल्या ड्रमचा टिकटिक आवाज थोडा वेळ येत राहावा.