अभंगावर चढलेली ढोलकी

हेडफोन काढून ठेवा. स्क्रीनवरचे ट्रॅक, कापून ठेवलेले लूप, सगळं तसंच राहू दे. आज तारीख आहे १६ डिसेंबर १९७२, आणि तुम्ही सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात बसला आहात. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग.

समोर माणसांची एक रांग उभी. ठेक्यावर डुलत ती गणपतीला नमन करते. असा मृदंग, अशा झांजा तुम्ही पेठेतल्या देवळात कीर्तनाला लहानपणापासून ऐकल्यात, म्हणून तुम्ही निर्धास्त मान डोलावता. इथेच सापडता! संगीत भास्कर चंदावरकरांचं. रविशंकरांकडे सतार शिकलेला हा माणूस कीर्तन, अभंग, लावणी असे जुने घाट उचलतो आणि एकमेकांना भिडवतो. टाळ अजून कानात असतानाच ढोलकीची थाप पडते, हरिनामाला लागून शृंगार येतो. मांडीवर अभंगाचा ताल धरलेला तुमचा हात आता बावनखणीतल्या, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीतल्या, लावणीला ताल देतोय, आणि हे कधी झालं ते तुम्हाला कळलेलंच नाही. पेशवाईतल्या पुण्याचा दुटप्पीपणा कुणी बोलून दाखवण्याआधी तुमच्या हाताने कबूल केला.

माझ्या मते रीमिक्सचं मर्म हेच. जुन्या चालीला नवा शेजार मिळाला की तिचा अर्थच पालटतो. याच सुमारास तिकडे जमैकात ध्वनितंत्रज्ञ किंग टबी मिक्सरवर बसून तयार गाण्यातला गळा काढून टाकत होता, ड्रम आणि बास तेवढे पुढे आणत होता. त्याच्या हाताशी फेडर होते. इथे ते काम माणसं करतात. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचना. रांगेने पाठ फिरवली की भिंत, तोंड वळवलं की गर्दी. स्टुडिओत रात्र रात्र घासून जो कट साधतो, तो ही मंडळी प्रेक्षकांसमोर एका दमात साधतात.

१९ प्रयोगांनंतर हे नाटक रंगमंचावर आणणारी संस्थाच ते थांबवील. मग हीच मंडळी १९७३मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढतील आणि १९८०मध्ये ‘घाशीराम’ युरोपात नेतील. ते पुढचं पुढे. आत्ता टाळ आणि ढोलकी यांच्यामधली जागा नीट ऐका; सांधा तिथेच आहे.