दिनविशेष : ४ एप्रिल १८८७
धुण्याच्या टबापासून नगराध्यक्षपदापर्यंत

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या अर्गोनिया या जेमतेम पाचशे वस्तीच्या गावाने आजच्या दिवशी सुझॅना सॉल्टर यांना नगराध्यक्ष म्हणून निवडून दिले. त्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला नगराध्यक्ष. वय अवघे २७, पदरी लहान मुले.

कॅन्ससमध्ये स्त्रियांना नगरपालिकेच्या मतदानाचा हक्क मिळाला तो त्याच वर्षी. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांची फजिती करावी म्हणून गावातल्या काही पुरुषांनी सुझॅनाबाईंचे नाव परस्पर मतपत्रिकेवर घातले. त्यांना पत्ताच नव्हता. मतदानाच्या सकाळी त्या घरी कपडे धूत होत्या. रिपब्लिकन पक्षाची मंडळी दारात आली आणि निवडून आलात तर काम कराल का, असे विचारले. त्या ‘हो’ म्हणाल्या, आणि मला वाटते, त्या दिवसाचा खरा निकाल तिथेच लागला. दुपारी त्या स्वतः मत द्यायला गेल्या. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मते त्यांच्या पारड्यात होती.

कारभार त्यांना अगदीच परका नव्हता, वडील ऑलिव्हर किन्सी याच गावचे पहिले नगराध्यक्ष. सुझॅनाबाईंनी वर्षभर नगरपरिषदेच्या बैठका चोख चालवल्या. मानधन मिळाले एक डॉलर. पुन्हा उभे राहायला त्यांनी नकार दिला. पुढे त्या ओक्लाहोमात गेल्या. १७ मार्च १९६१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, नॉर्मन येथे त्यांचे निधन झाले. अर्गोनियातले त्यांचे घर आजही जपून ठेवले आहे.