टक्कर आणि संवेग : कॅरम, बॉल आणि मोबाइल वापरून समजून घ्या

महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ नावाचा धडा आहे. त्यात ‘संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत’ येतो. बरेच जण तो पाठ करतात, उदाहरण सोडवतात आणि विसरून जातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. माझा अनुभव असा की हा विषय फळ्यापेक्षा कॅरम बोर्डवर जास्त लवकर कळतो. आणि तो नीट कळला तर मार्कांपलीकडेही एक मोठा फायदा आहे. तो पुढे येईलच.

संवेग म्हणजे काय?

संवेग = वस्तुमान × वेग. बस्स, एवढंच सूत्र आहे. इंग्रजी माध्यमवाले यालाच मोमेंटम म्हणतात.

संवेगाला दिशा असते. उजवीकडे जाणाऱ्या वस्तूचा संवेग अधिक धरला, तर डावीकडे जाणाऱ्या वस्तूचा उणे धरायचा. गणितं चुकतात ती बहुतेक इथेच, कारण मुलं उणे चिन्ह विसरतात.

नियम असा : बाहेरून कुठलंही बल लागत नसेल, तर टक्करीच्या आधीचा एकूण संवेग आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच असतो. संवेग एका वस्तूकडून दुसरीकडे जातो, पण हरवत नाही.

कॅरमवरचा हिशोब

समजा १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने जातोय. समोर ५ ग्रॅमची सोंगटी स्थिर आहे आणि स्ट्रायकर तिला अगदी सरळ लागतो.

- आधीचा संवेग : १५ × २ = ३०
- आदर्श टक्कर झाली तर नंतर स्ट्रायकरचा वेग १ मीटर आणि सोंगटीचा ३ मीटर प्रति सेकंद
- नंतरचा संवेग : (१५ × १) + (५ × ३) = ३०

आता गतिज ऊर्जा बघू. तिचं सूत्र ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. आधी ½ × १५ × ४ = ३०. नंतर ७.५ + २२.५ = ३०. म्हणजे ऊर्जाही तेवढीच राहिली. अशा टक्करीला इलॅस्टिक टक्कर म्हणतात.

आता स्ट्रायकरला च्युइंगम लावलंय असं समजा. सोंगटी त्याला चिकटली आणि दोघं एकत्र पुढे गेले. एकूण वस्तुमान २० ग्रॅम, म्हणून वेग ३० ÷ २० = १.५. संवेग अजूनही ३० आहे. पण गतिज ऊर्जा ½ × २० × २.२५ = २२.५ झाली. चौथा हिस्सा गेला! तो उष्णता, आवाज आणि च्युइंगमचा आकार बदलणं यात खर्च झाला. ही इनइलॅस्टिक टक्कर.

वहीत एक ओळ लिहून ठेवा : संवेग दोन्ही टक्करींत टिकतो, गतिज ऊर्जा मात्र फक्त इलॅस्टिक टक्करीत टिकते.

खऱ्या कॅरमवरची टक्कर या दोन टोकांच्या मध्ये असते. ‘टक्’ असा आवाज येतो म्हणजे थोडी ऊर्जा बाहेर गेलीच की.

मोबाइलवर प्रयोग कसा करायचा?

यासाठी ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने ते बनवलंय. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालतं. फोनमधले सेन्सर वापरून प्रयोग करता यावेत, हाच त्याचा उद्देश.

१. अ‍ॅप उघडून ‘इनइलॅस्टिक कोलिजन’ हा प्रयोग निवडा. माइकची परवानगी द्या.
२. पंखा, टीव्ही बंद करा. फोन फरशीवर ठेवा.
३. प्ले बटण दाबून टेबल टेनिसचा बॉल फोनच्या शेजारी सोडा. फोनवर नको!
४. प्रत्येक टप्प्याचा ‘टक’ आवाज फोन ऐकतो आणि दोन टप्प्यांमधला वेळ मोजतो.

वेळेवरून उंची कशी कळते? बॉल अर्धा वेळ वर जातो, अर्धा वेळ खाली येतो. त्यावरून सूत्र येतं : उंची = ९.८ × वेळेचा वर्ग ÷ ८. समजा पहिल्या दोन टप्प्यांमध्ये ०.८ सेकंद गेले, तर बॉल साधारण ७८ सेंटिमीटर उडाला. पुढच्या वेळी ०.७ सेकंद लागले, तर ६० सेंटिमीटर. म्हणजे त्या एका टप्प्यात सुमारे २३ टक्के ऊर्जा गेली. हा हिशोब अ‍ॅप स्वतःच करून दाखवतं, पण एकदा वहीत करून पडताळून बघाच. मग क्रिकेटचा टेनिस बॉल, रबरी बॉल, गादी, चटई असं बदलून बघा.

इथे एक हुशार प्रश्न येतो : बॉल खाली येत होता, आता वर जातोय, म्हणजे संवेगाची दिशाच बदलली. मग तो टिकला कुठे? उत्तर असं की बॉलने पृथ्वीलाही ढकललं. पृथ्वीचं वस्तुमान इतकं प्रचंड आहे की तिच्या वेगातला बदल कुणालाच मोजता येणार नाही. पण हिशोब पूर्ण होतो.

फोन फरशीवर फुटतो, गादीवर का नाही?

आता मुख्य मुद्दा. २०० ग्रॅमचा फोन १ मीटरवरून पडला तर खाली पोचताना त्याचा वेग सुमारे ४.४ मीटर प्रति सेकंद असतो. संवेग ०.८९. फरशी असो की गादी, थांबायचं म्हणजे हा सगळा संवेग शून्य व्हायलाच हवा. फरक फक्त वेळेचा.

सरासरी बल = संवेगातला बदल ÷ लागलेला वेळ.

- फरशीवर समजा १ मिलिसेकंदात थांबला : ८९० न्यूटन, म्हणजे जवळपास ९० किलोचं वजन ठेवल्यासारखं!
- गादीवर समजा ५० मिलिसेकंदांत थांबला : सुमारे १८ न्यूटन, म्हणजे २ किलोपेक्षाही कमी.

फोनचं कव्हर हेच करतं. ते दबतं आणि थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देतं. क्रिकेटर कॅच घेताना हात मागे नेतो तेही यासाठीच.

आता हेल्मेटचं गणित

‘इथे कोपऱ्यावर तर जायचंय, स्पीड पण कमी आहे, हेल्मेट कशाला?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचा हिशोब करू.

गाडीवर बसल्यावर डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी घसरून तुम्ही बाजूला पडलात, तर दीड मीटर खाली येताना डोक्याचा वेग होतो ५.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी जवळपास २० किलोमीटर. खाली आदळण्याचा हा वेग गुरुत्वाकर्षणामुळे येतो. गाडी ६० ने चालली असेल, २० ने असेल किंवा सिग्नलला उभी असेल, खाली पडण्याचा वेग तोच राहतो. समोरून कशाला धडकलात, तर गाडीचा वेग त्यात आणखी भर घालतो.

डोक्याचं वस्तुमान ५ किलो धरलं तर संवेग २७. हेल्मेट नसेल आणि डोकं साधारण १ मिलिसेकंदात थांबलं, तर बल २७,००० न्यूटन. हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा फोम दबला आणि ९ मिलिसेकंद मिळाले, तर ३,००० न्यूटन. म्हणजे बल नवव्या हिश्श्यावर आलं. हे ढोबळ आकडे आहेत, पण हेल्मेट काय करतं ते यातून स्पष्ट होतं : ते तुम्हाला ८ मिलिसेकंद जास्त देतं.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा. फोम एकदा दबला की परत पूर्वीसारखा होत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं. आत फोम नसलेली नुसती प्लॅस्टिकची टोपी वेळ वाढवत नाही, म्हणून आयएसआय मार्क बघूनच घ्या. आणि पट्टा लावला नाही तर हेल्मेट आधीच उडून जातं.

काही नव्या फोनमध्ये क्रॅश डिटेक्शन असतं. आयफोन १४ पासून ॲपलने त्यासाठी २५६ जीपर्यंतचे धक्के मोजणारा सेन्सर दिलाय. फीचर चांगलंच आहे, पण ते टक्कर झाल्यावर मदत बोलावतं. टक्करीचा वेळ ते वाढवू शकत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रक आणि स्कूटरच्या टक्करीत जास्त बल कोणावर?
दोघांवर सारखंच! न्यूटनचा तिसरा नियम. पण ट्रक १०,००० किलोचा आणि स्कूटर माणसासकट २०० किलोची असेल, तर स्कूटरच्या वेगातला बदल ५० पट जास्त होतो. म्हणून हाल स्कूटरवाल्याचे होतात.

स्ट्रायकर शेवटी थांबतोच, मग संवेग कुठे गेला?
घर्षणामुळे बोर्डकडे आणि बोर्डमार्फत जमिनीकडे. घर्षण हे बाहेरचं बल आहे. बोर्डवर पावडर टाकतो ती हे बल कमी करायलाच.

गेममध्ये हेच नियम असतात का?
हो. गेमच्या फिजिक्स इंजिनमध्ये प्रत्येक वस्तूला वस्तुमान असतं आणि ती किती उसळेल यासाठी ० ते १ मधला एक आकडा देतात. ० म्हणजे उसळणार नाही, १ म्हणजे पूर्ण इलॅस्टिक. ‘अँग्री बर्ड्स’मध्ये यासाठी ‘बॉक्स टूडी’ हे इंजिन वापरलं होतं.

थोडक्यात

संवेग टिकतो, गतिज ऊर्जा रूप बदलते, आणि इजा किती होणार हे थांबायला किती वेळ मिळाला यावर ठरतं. फायफॉक्सचा प्रयोग दोन वेगवेगळ्या बॉलवर करून बघा आणि कोणत्या बॉलने किती टक्के ऊर्जा राखली ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि गाडीची किल्ली उचलाल तेव्हा ते ८ मिलिसेकंदही सोबत घ्या.